संश्लेषक वाद्यातील नादरचना: पश्चिम भारतातील अनुकरण आणि नवनिर्मिती

१. प्रश्नाचे स्वरूप

आपल्या संगीतशास्त्रात नादाचे तीन गुण सांगण्याचा परिपाठ आहे: नादाचा उंचनीचपणा, नादाचा लहानमोठेपणा आणि नादाची जाती. पहिल्या गुणाचा विचार आपल्याकडे विपुल झाला. श्रुती, स्वर, मूर्च्छना व थाट यांविषयीचे वाङ्मय त्याचेच फळ होय. तिसऱ्या गुणाचा, म्हणजे सनईचा षड्ज व सारंगीचा षड्ज एकाच उंचीचे असूनही कानास निराळे का भासतात या प्रश्नाचा विचार मात्र ग्रंथांपेक्षा कारागिरांच्या हातांनीच अधिक केला आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, नादाची जाती ही मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या उपस्वरांच्या प्रमाणावर अवलंबून असते. हे एकदा सिद्ध झाल्यावर ते प्रमाण मनुष्याने आपल्या इच्छेप्रमाणे ठरवावे, ही कल्पना फार दूर राहिली नाही. विसाव्या शतकातील विद्युत्-वाद्ये आणि त्यांतूनच पुढे सिद्ध झालेले संश्लेषक वाद्य, म्हणजेच सिंथेसायझर, ही या कल्पनेची मूर्त रूपे होत.

संश्लेषकाने वादकाच्या जोडीस एक नवा कलावंत निर्माण केला. तो स्वरावली रचीत नाही आणि बहुधा ती वाजवीतही नाही. ज्या नादात ती वाजावयाची तो नाद मात्र तो घडवितो. प्रस्तुत लेखात त्यास नादरचनाकार असे म्हटले आहे. त्याच्यापुढील अडचण मोठी विलक्षण आहे. सतार घडविणाऱ्यास भोपळा, लाकूड व तार यांची मर्यादा असते. संश्लेषकापाशी बसलेल्यास वरपाहता कोणतीच मर्यादा नसते. असे असूनही थोड्याच काळात त्याचे नाद एकमेकांसारखे होऊ लागतात, हात ठरलेल्या कळांकडेच जातो आणि नवी वाट सापडेनाशी होते. नव्या वाटा पूर्वी कोणास व कशा सापडल्या याचा शोध घेतल्यास या अडचणीवर काही प्रकाश पडेल, अशी आमची समजूत आहे.

या लेखाचा सिद्धान्त थोडक्यात असा आहे. पश्चिम भारतात विद्युत्-नादाची जी नवी दिशा उघडली, ती बहुतेक वेळा अनुकरणाच्या दाराने उघडली. कोणी तरी एका परिचित नादाची नक्कल करावयास निघाला. यंत्राच्या उणिवेमुळे ती नक्कल पुरी झाली नाही. आणि त्या उणिवेस एखाद्या चालीत, रागात किंवा मिरवणुकीत काम मिळाले. परिचित नाद, यंत्राची ओळखलेली उणीव आणि त्या उणिवेस मिळालेले काम, या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे नवे काही निर्माण झाले. जेथे यांपैकी एखादी नव्हती तेथे पुष्कळ श्रम होऊनही वाट पुढे गेली नाही.

२. विद्युत्पूर्व प्रयत्न: जवारी व श्रुती

नादाची जाती हेतुपूर्वक घडविण्याची कला महाराष्ट्रास नवी नाही. मिरजेचे तंतुवाद्यकार तंबोऱ्याची जवारी काढतात, तेव्हा ते नादरचनाच करीत असतात. घोडीचा पृष्ठभाग अशा बेताने घासावयाचा की, कंप पावणारी तार त्यास अलगद स्पर्श करीत राहावी. मग तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवून तो नेमका कोठे थांबवावयाचा हे कानाने ठरवावयाचे. केसभर अंतराने नाद मिटतो किंवा फुलतो. या घोडीचे रहस्य चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मधील आपल्या निबंधात तपासले. तार ज्या बिंदूपाशी छेडली जाते त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचे निष्पंद पडतात ते नादात उमटू नयेत, असे तत्कालीन नियमाचे सांगणे होते. तंबोऱ्यात ते स्पष्टपणे ऐकू येतात, असे रामन यांनी दाखविले. ग्रंथातील नियमास जे अशक्य वाटत होते ते मिरजेच्या कारागिरांनी नित्याच्या कामातून साध्य केले होते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले, ही या परंपरेची उशिराने का होईना झालेली नोंद होय.

दुसरा प्रयत्न हार्मोनियमचा. हे वाद्य युरोपातून आले आणि मराठी संगीत रंगभूमीने ते आपलेसे केले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी १९११ च्या ‘मानापमान’ या नाटकास चाली दिल्या आणि हार्मोनियमला स्वतंत्र वादनाचे वाद्य म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु या पेटीचे स्वर बांधलेले, श्रुतींचे सूक्ष्म भेद तीत नाहीत, असा आक्षेप पहिल्यापासून होता. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तंतूंच्या लांबीवरून श्रुतींची मोजणी केली. गायकाच्या प्रत्यक्ष गळ्याशी ती ताडून पाहण्याच्या कामी त्यांस अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य झाले. आणि १९१० मध्ये देवलांनी बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स हे न्यायखात्यातील अधिकारी होते. या दोघांच्या खटपटीने श्रुति-हार्मोनियम तयार झाले आणि १९१६ साली बडोदे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ते मांडण्यात आले. तेथे त्यावर वाद झाला. भातखंडे यांच्या पक्षास ही मोजणी मान्य झाली नाही. पुढे हे वाद्य प्रचारात रुळले नाही.

या अपयशाचे कारण काय असावे? हार्मोनियमची उणीव केवळ स्वरसंख्येची होती असे देवल-क्लेमेंट्स यांनी गृहीत धरले. वास्तविक मोठी उणीव निराळी होती. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड या पेटीतून निघत नाही, आणि श्रुती वाढविल्याने ती निघू लागत नाही. रंगभूमीवरील वादकांनी ही उणीव भरून काढण्याचा हट्ट धरला नाही. त्यांनी तीस कामाला लावले. तुटक स्वरांची जलद गुंफण, कणस्वरांचा ओझरता स्पर्श आणि भात्याच्या दाबातील चढउतार यांच्या योगे त्यांनी मींडेचा आभास निर्माण केला. त्यातून हार्मोनियमचा स्वतःचा असा एक बाज सिद्ध झाला. आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये अंशतः शिथिल केली. तीन दशके सरकारी ध्वनिक्षेपणाबाहेर राहूनही वाद्य जगले, ते याच बाजाच्या बळावर. श्रुतींचा शोध मात्र थांबलेला नाही. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींचे हार्मोनियम नव्याने सिद्ध केले आहे, यावरून प्रश्नाची चिवटता लक्षात येते.

३. क्लॅव्हिओलिन व पुंगी

विद्युत्-नादाच्या इतिहासातील आपल्याकडील पहिली लक्षणीय घटना १९५४ सालची आहे. त्या वर्षी ‘नागिन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. संगीत हेमंतकुमार यांचे होते. कथानकास गारुड्याच्या पुंगीचा नाद अवश्य होता. तो नाद खऱ्या पुंगीचा नव्हता. तो क्लॅव्हिओलिन नावाच्या विद्युत्-वाद्यावर कल्याणजी वीरजी शाह यांनी काढला आणि त्यास रवि यांच्या हार्मोनियमची जोड मिळाली. पुढे हे दोघेही संगीतदिग्दर्शक म्हणून प्रसिद्धीस आले.

क्लॅव्हिओलिन हे वाद्य फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ च्या सुमारास सिद्ध केले. त्याची रचना साधी होती. सुमारे तीन सप्तकांची लहान पट्टी; निर्वात नळीतून उत्पन्न होणारी कंपने; नादजाती बदलण्यासाठी काही कळा; स्वर थरथरविण्याची सोय; आणि आवाज कमीअधिक करण्यासाठी गुडघ्याने हलवावयाचा दांडा. एका वेळी एकच स्वर वाजे. युरोपात याचा उपयोग व्हायोलिन, तुतारी अशा वाद्यांच्या नकलेसाठी करावा, अशी निर्मात्यांची अपेक्षा होती. ती नक्कल चांगल्या कानास फसवू शकेल अशी नव्हती. नाद नाकातून निघाल्यासारखा, उपस्वरांनी भरलेला आणि न मिटणारा येई.

आता पुंगीचा विचार करू. भोपळ्यात बसविलेल्या दोन नळ्या, त्यांपैकी एकीवर चाल व दुसरीवर अखंड सूर. वादक नाकाने श्वास घेत असता गालांत साठविलेल्या हवेने फुंकर चालूच ठेवतो, त्यामुळे नाद तुटत नाही. आणि नादाची जाती अनुनासिक व तीक्ष्ण. म्हणजे जी लक्षणे व्हायोलिनच्या नकलेत दोष ठरत होती, तीच पुंगीच्या नकलेत गुण ठरली. क्लॅव्हिओलिनला श्वास घ्यावा लागत नव्हता. पुंगीवाला श्वास घेत आहे असे ऐकू येता कामा नये होते. यंत्राची उणीव ओळखून तीस योग्य काम देणे म्हणजे काय, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

तथापि ही नक्कलही पूर्ण नव्हती, आणि हेच महत्त्वाचे. खरी पुंगी ओबडधोबड असते, तिचे स्वर डळमळतात. क्लॅव्हिओलिनची पुंगी स्वरात चोख, सप्तकांत मोकळी आणि थरथरीत एकसारखी होती. श्रोत्यांनी या दोहोंतील अंतर दोष म्हणून मोजले नाही; उलट पुढील पिढ्यांच्या कानांत नागाची पुंगी म्हणून हा यंत्रजन्य नादच ठसला. लग्नाच्या वरातीत आजही जे नागिन-नृत्य केले जाते, त्याचा नाद मूळ पुंगीकडून आलेला नाही, या नकलेकडून आलेला आहे. नक्कल मूळ वस्तूच्या पुढे गेली.

४. अहमदाबाद व मुंबई

सन १९६९ मध्ये अहमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत विद्युत्-संगीताची एक प्रयोगशाळा स्थापन झाली. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तेथे मूग संश्लेषक उभारून दिला. या उपक्रमामागे गीता साराभाई यांची प्रेरणा होती. त्यांनीच १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन केज यांस भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा इत्यादींनी तेथे १९७२ पर्यंत रचना केल्या. त्यांच्या फिती पुढे दीर्घकाळ संस्थेच्या संग्रहातच राहिल्या आणि त्यांतील निवडक भाग २०२३ मध्ये प्रथम सर्वांसाठी प्रकाशित झाला.

आमच्या सिद्धान्तास हे उदाहरण प्रतिकूल आहे असे कोणी म्हणेल. तेथे नक्कल करण्याचे बंधन नव्हते, चित्रपटाची मागणी नव्हती, श्रोत्यांचा धाक नव्हता. तरीही विचारपूर्वक असे नवे नाद निर्माण झाले. हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. परंतु माथुर यांच्या रचनांची नावे पाहिली तर एका रचनेच्या नावात तंबोरा येतो आणि दुसरीच्या नावात पक्षी येतात. संपूर्ण मोकळीक मिळालेला कलावंतही परिचित नादाकडे वळला, हे त्यावरून दिसते. उणीव तिसऱ्या गोष्टीची होती. सापडलेल्या नादास काम देणारी रंगभूमी, मैफल वा मिरवणूक त्यांच्यापाशी नव्हती. म्हणून दिशा उघडली, पण तिच्यावरून पुढे कोणी चालले नाही. प्रयोगकर्त्यांच्या बुद्धिमत्तेस यामुळे बाध येत नाही. परिस्थितीचा तो भाग होय.

मुंबईतील परिस्थिती नेमकी उलट होती. तेथे काम अमाप होते आणि सवड मुळीच नव्हती. तालवादक कावस लॉर्ड यांचे चिरंजीव केरसी लॉर्ड (१९३५–२०१६) हे ॲकॉर्डियन व इतर अनेक वाद्ये वाजविणारे कुशल कलावंत. सत्तरच्या दशकात मूग संश्लेषक हिंदी चित्रपटसंगीतात आणण्याचे श्रेय त्यांस दिले जाते. १९७० साली निघालेल्या लहान आकाराच्या मूगमुळे हे शक्य झाले. त्यापूर्वीचा मूग म्हणजे तारांनी जोडलेले कपाटच असे. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी संगीतदिग्दर्शक एखादा प्रसंग सांगे, आणि पुढील काही मिनिटांत त्यास अनुरूप नाद काढून द्यावा लागे. अशा स्थितीत अमूर्त शोधास जागा नव्हती. तथापि प्रत्येक नादास तत्काळ काम मिळे. याच काळात राहुलदेव बर्मन यांच्या वादकांनी ‘शोले’ (१९७५) साठी बाटल्यांत फुंकर घालून ताल काढला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. बाटली आणि मूग यांना एकाच दालनात, एकाच हेतूने स्थान मिळावे, हे त्या काळाच्या नादविषयक मोकळेपणाचे द्योतक आहे.

५. १९८२: दहा राग

मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून आयुष्य घालविलेले चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांची एक तबकडी प्रसिद्ध केली. त्या काळी चित्रपटांत डिस्को ठेक्याचा सुळसुळाट होता. तबल्याच्या जागी तोच ठेका ठेवून त्यावर राग वाजवावे, ही त्यांची कल्पना. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी हे ते दहा राग. साधने तीन होती आणि तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची: मुख्य स्वरावलीसाठी ज्युपिटर-८, ठेक्यासाठी टीआर-८०८ आणि खर्जासाठी टीबी-३०३.

यांपैकी शेवटच्या दोहोंचा इतिहास आमच्या विषयास विशेष उद्बोधक आहे. टीबी-३०३ हे यंत्र खर्जाच्या विद्युत्-गिटारची नक्कल करण्यासाठी निर्माण झाले. एकट्या वादकास साथ मिळावी हा त्याचा हेतू. गिटारसारखे ते मुळीच वाजले नाही, म्हणून खपले नाही आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन बंद पडले. टीआर-८०८ चे ढोलही खऱ्या ढोलांसारखे वाटले नाहीत. तेही १९८३ मध्ये बंद झाले. परंतु टीबी-३०३ मध्ये एक सोय होती. क्रमाने मांडलेल्या स्वरांपैकी हवा तो स्वर पुढील स्वरावर घसरत जाईल असे त्यास सांगता येई, आणि काही स्वरांवर आघात देता येई. चाळणीच्या कळा फिरविल्या असता तो खर्ज चिरकत, कण्हत वर येई. हार्मोनियमला जी मींड कधीच साधली नाही, ती या फसलेल्या गिटारला आपोआप साधली होती.

रागाच्या दृष्टीने हा लाभ मोठा होता. मालकंसात ऋषभ व पंचम वर्ज्य. उरलेल्या पाच स्वरांत अंतरे मोठी, आणि त्या अंतरांतील घसरण हाच त्या रागाचा प्राण. ठराविक क्रमाने पुनःपुन्हा येणारा खर्ज तंबोऱ्याप्रमाणे अखंड आधार देतो, आणि त्यातील घसरण रागाच्या चलनाची आठवण करून देते. तबकडीतील सर्वच वादन उत्तम आहे असे आम्ही म्हणत नाही. ठेक्याची एकविधता पुष्कळ ठिकाणी रागविस्तारास आवळून धरते, आणि समस्वरित पट्टीवर तोडीचे अतिकोमल स्वर यावेत तसे येत नाहीत. परंतु नादाची दिशा निःसंशय नवी होती. तबकडी त्या काळी विशेष खपली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागो शहरात काही तरुणांनी जुन्या बाजारात पडून राहिलेल्या याच टीबी-३०३ च्या कळा फिरवून एक नवा नृत्यसंगीतप्रकार निर्माण केला, आणि २०१० मध्ये चरणजित सिंग यांची तबकडी पुनर्मुद्रित झाली तेव्हा पाश्चात्त्य श्रोते तीतील साम्याने चकित झाले. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध नाही. एकाच यंत्राची एकच उणीव दोन दूरच्या शहरांत दोन निराळ्या कामांस लागली, एवढाच त्याचा अर्थ. सिंग यांचे २०१५ मध्ये मुंबईत निधन झाले.

६. भरून आलेले नाद

याच सुमारास नादरचनेच्या क्षेत्रात एक मोठे स्थित्यंतर झाले. १९८३ मध्ये यामाहा कंपनीने डीएक्स-७ हा संश्लेषक बाजारात आणला. त्यातील तत्त्व अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चौनिंग यांनी १९६७ मध्ये शोधून काढले होते: एका कंपनाने दुसऱ्या कंपनाची वारंवारता हलवावयाची आणि त्यातून उपस्वरांचा समूह उत्पन्न करावयाचा. घंटा, पियानो, तारवाद्ये यांचे आभास यात पूर्वीपेक्षा कितीतरी चांगले उतरत. परंतु नाद घडविण्याची रीत अवघड होती. मूगवर एक कळ फिरविली की कानास लगेच फरक कळे. येथे सहा कंपकांचे परस्परसंबंध अंकांनी लिहावे लागत. साहजिकच पुष्कळांनी वाद्याबरोबर भरून आलेल्या ३२ नादांवरच भिस्त ठेवली. पुढे प्रत्यक्ष वाद्यांचे मुद्रित नाद साठविणारी वाद्ये आली, आणि जपानी कंपन्यांनी भारतीय बाजारासाठी सतार, सनई, तबला यांचे नाद व ठेके भरलेली पट्टीवाद्येही आणली.

अनुकरण येथे जवळजवळ पूर्ण झाले. आणि आमच्या मते अडचण नेमकी येथेच उत्पन्न झाली. नक्कल इतकी सफाईदार झाली की उणीवच दिसेनाशी झाली, आणि उणीव दिसत नसेल तर तीस काम देण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. १९७९ मध्ये बंगळूर येथील जी. राज नारायण यांनी विद्युत्-तंबोरा सिद्ध केला. प्रवासी गायकाची त्याने फार मोठी सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातून तंबोऱ्याहून निराळा असा कोणता नाद निर्माण झाला नाही, कारण त्याची अपेक्षाच नव्हती. सोय आणि शोध या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे नादरचनाकाराने विसरता कामा नये.

७. कल्याण परिसरातील बेंजो

येथवरचे विवेचन प्रयोगशाळा व चित्रपट यांभोवती फिरले. परंतु नादरचनेचे एक अत्यंत जिवंत क्षेत्र रस्त्यावर आहे, आणि त्याच्या अभ्यासास विठ्ठलवाडीचा परिसर सोयीचा आहे. कल्याणहून कर्जतकडे जाताना लोहमार्गावरील हे पहिलेच स्थानक. एका बाजूस कल्याणचे जुने शहर. दुसऱ्या बाजूस फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिलेले व १९४९ मध्ये नाव पावलेले उल्हासनगर. भोवती आगरी गावे आणि देश, कोकण व खानदेश येथून आलेल्या कामकऱ्यांच्या चाळी. आगरी घरांत लग्नाची धवळगीते गाणाऱ्या धवलारिणी, वारकऱ्यांचे टाळमृदंग, आणि हळदीच्या रात्री व गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो, असे नादांचे अनेक थर येथे एकावर एक पडलेले आहेत.

आपल्याकडील हा बेंजो म्हणजे अमेरिकेतील चामड्याने मढविलेले त्या नावाचे वाद्य नव्हे. त्याचा मूळ पुरुष जपानी आहे. नागोया शहरातील गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये, तैशो राजवटीच्या आरंभी, टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले एक तंतुवाद्य सिद्ध केले. कळ दाबली की तार योग्य जागी दाबली जाते, आणि दुसऱ्या हातातील नखीने ती छेडावयाची. भारतात हे वाद्य बुलबुलतरंग म्हणून रूढ झाले. तिकडे बलुचिस्तानातही ते बेंजू या नावाने लोकवाद्य बनले. मूळ वाद्याचा आवाज नाजूक, घरातील बैठकीस पुरेल एवढाच. ठाणे, मुंबई व रायगड भागातील वादकांनी त्यास गिटारप्रमाणे चुंबकीय ग्राहक बसविला, तो ध्वनिवर्धकास जोडला आणि भोंग्यातून रस्त्यावर सोडला.

या साखळीतील प्रत्येक दुव्याने नादाची जाती बदलली. भोंगा खालचे स्वर गिळतो आणि मधल्या पट्टीतील उपस्वर पुढे ढकलतो. ध्वनिवर्धकावर शक्तीपेक्षा अधिक भार टाकला की नाद फाटतो आणि त्यात नवे उपस्वर भरतात. तारेचा छेडलेला नाद स्वभावतः लवकर मिटतो. पण फाटलेल्या अवस्थेत तो लांबतो, आणि नखीच्या जलद आघातांनी अखंड भासू लागतो. परिणामी हे तंतुवाद्य कानास सुषिर वाद्यासारखे, सनईच्या किंवा पुंगीच्या कुळातले वाटू लागते. वरातीतील नागिन-नृत्यास बेंजो इतका शोभतो याचे कारण केवळ चालीची लोकप्रियता नसून नादजातीचे हे साम्य होय, असे आम्हांस वाटते. पुंगीची नक्कल क्लॅव्हिओलिनने केली, आणि त्या नकलेस बेंजोने पुन्हा रस्त्यावर आणून सोडले. मोठ्या प्रयोगशाळेचा या प्रवासात कोठेही संबंध आलेला नाही. अरुंद गल्लीत, ढोल-ताशांच्या गजरात, चाल ऐकू आली पाहिजे ही गरज होती. भोंगा व ध्वनिवर्धक यांचे दोष होते. आणि त्या दोषांस मिरवणुकीत काम होते.

पुढे याच ताफ्यांत पट्टीवाद्ये आली, आणि १९८५ मध्ये निघालेल्या रोलँडच्या ऑक्टोपॅडनेही स्थान मिळविले. आठ चौकोनांवर काठ्या मारून आठ निरनिराळे नाद काढण्याची ही सोय ढोलकी, हलगी व संबळ यांचे काम एका माणसावर सोपविते. त्यानंतर मुद्रित संगीत वाजविणाऱ्या यंत्रांनी पुष्कळ ठिकाणी संपूर्ण ताफ्याचीच जागा घेतली. येथे केवळ जुन्या वादकांच्या उपजीविकेचा प्रश्न नाही, जरी तो लहान नाही. भोंग्याच्या व फाटलेल्या तारेच्या अनुभवातून आलेले नादज्ञान हे वादक व दुरुस्ती करणारे कारागीर यांच्या हातांत आहे. ते लिहिले गेलेले नाही. ताफा मोडला की ते ज्ञानही मोडते.

८. निष्कर्ष

संश्लेषकाच्या नादरचनाकारास या इतिहासातून काय घेता येईल? पहिली गोष्ट अशी की, नवे काही तरी करावे या संकल्पाने नवे निर्माण झालेले क्वचितच दिसते. कल्याणजींस पुंगी हवी होती, चरणजित सिंग यांस राग हवे होते, बेंजोवाल्यास चाल गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचवावयाची होती. विशिष्ट मागणी हीच वाट दाखविणारी ठरली. ज्याची वाट खुंटली असेल त्याने यंत्राच्या शक्तींची यादी वाढविण्यापेक्षा एक ओळखीचा नाद समोर ठेवावा: मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी, संबळाची घुमक, भोंग्यातील बेंजो, यांपैकी कोणताही. तो भरून आलेल्या नादांतून उचलू नये. मूळ कंपनापासून घडवावा. नक्कल कोठे फसते ते कानाने टिपावे, आणि ती फसलेली जागा दुरुस्त करण्याची घाई न करता तीस कोणते काम देता येईल याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट मर्यादेविषयी. क्लॅव्हिओलिनला एक स्वर होता, टीबी-३०३ ला एक खर्ज होता, बेंजोला एक भोंगा होता. जेथे सर्व काही शक्य असते तेथे मर्यादा कलावंताने स्वतः घालून घ्यावी लागते. एका कंपकावर, एका चाळणीवर, एका रागाच्या पाच स्वरांवर काही काळ थांबणे हा कमीपणा नसून ती शिस्त आहे. जवारी काढणाऱ्याची शिस्त यापेक्षा निराळी नसते.

तिसरी गोष्ट आम्हां अभ्यासकांच्या कर्तव्याची आहे. अहमदाबादच्या फिती संस्थेच्या कपाटात होत्या, म्हणून अर्धशतकानंतरही त्या ऐकता आल्या. विठ्ठलवाडी, कल्याण व उल्हासनगर परिसरातील बेंजोचे नाद कोणत्याही कपाटात नाहीत. वाद्ये, ग्राहक, भोंगे व जोडण्या यांचे वर्णन, वादकांच्या मुलाखती आणि रस्त्यावरच केलेले ध्वनिमुद्रण, यांचा संग्रह करणे विद्यापीठीय विभागांस फारसे खर्चाचे नाही. येत्या गणेशोत्सवापासून त्यास आरंभ करता येईल. उद्याच्या नादरचनाकारास ज्या परिचित नादाची नक्कल करून पुढे जावयाचे, तो नादच तोवर ऐकू येईनासा झालेला असू नये, एवढ्यासाठी हे काम तातडीचे आहे.